सुईखालची चाळीस मिनिटं

एका एलपीच्या दोन्ही बाजू मिळून चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचं संगीत मावतं. न्यूयॉर्क, लंडन, डेट्रॉइट, हवाना इथल्या स्टुडिओंमध्ये काही माणसांनी तेवढ्या वेळात जे करून ठेवलं, त्यानं माझं ऐकणं घडवलं. आमच्या घरी रेडिओवर सकाळी अभंग आणि दुपारी नाट्यपदं असत. पाश्चात्त्य तबकड्या आल्या त्या दादरच्या मामाकडून. त्याच्या कपाटात बीटल्सला लागून माणिक वर्मा आणि माइल्स डेव्हिसला लागून वसंतराव देशपांडे उभे असत, त्यामुळे हे आपलं आणि ते परकं अशी वाटणी माझ्या मनात कधी झालीच नाही. कान मात्र मराठी घरात तयार झालेला होता. आधी षड्ज शोधायचा, मग सम. त्याच कानानं मला या तबकड्यांत शिरता आलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

१. आधी षड्ज धरावा

'काइंड ऑफ ब्लू' ही माइल्स डेव्हिसची १९५९ सालची तबकडी. पहिली रचना 'सो व्हॉट'. पॉल चेंबर्स डबल बेसवर एक वाक्य म्हणतो, बिल इव्हान्सचा पियानो दोन ठोक्यांत त्याला दुजोरा देतो, आणि कुणी न सांगता षड्ज कानात बसतो. तो धरून ऐकलं की गंधार आणि निषाद कोमल लागतात, बाकीचे स्वर शुद्ध. म्हणजे आपला काफी थाट. सोळा मापं तिथे मुक्काम, मग सगळा डोलारा अर्ध्या स्वरानं वर सरकतो, आठ मापं तिथे, आणि शेवटची आठ पुन्हा मूळ जागी. बत्तीस मापांचं हे आवर्तन लक्षात आलं की पुढच्या नऊ मिनिटांत कुठेही चुकल्यासारखं होत नाही.

हा राग नव्हे. त्याला चलन नाही, पकड नाही, वादी-संवादी नाहीत. पण एका स्वरसमूहात थांबून त्याला चहूबाजूंनी न्याहाळायचं, ही वृत्ती ओळखीची आहे. न्यूयॉर्कच्या ३०व्या रस्त्यावर, पूर्वी चर्च असलेल्या एका वास्तूत कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ होता. २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ अशा दोन दिवसांत तिथे ही तबकडी झाली. डेव्हिसनं वादकांना पूर्ण लिहिलेलं संगीत दिलं नव्हतं, दिले ते नुसते आराखडे. 'फ्लेमेंको स्केचेस'मध्ये तर पाच स्वरसमूहांचा क्रम तेवढा ठरलेला होता. एकातून दुसऱ्यात कधी जायचं, हे ज्याचं त्यानं आपल्या मनाप्रमाणे ठरवायचं. बढतीची सवय असलेल्या श्रोत्याला हे ऐकताना केवढा आनंद होतो! जॉन कोल्ट्रेन एका जागी उभा राहून तळापर्यंत खणतो, कॅननबॉल अॅडर्ली तीच जागा उजेडानं भरून टाकतो.

आणि डेव्हिस थांबतो. विलंबित ख्यालात गायक आवर्तनाच्या मध्यावर थांबतो तेव्हा तंबोरे बोलत राहतात. डेव्हिस थांबतो तेव्हा जिमी कॉबची झांज बोलत राहते. ट्रम्पेटसारख्या धीट वाद्यातून इतकी मोकळी जागा सोडणारा दुसरा कुणी मी ऐकलेला नाही.

या तबकडीच्या पहिल्या बाजूची एक गंमत आहे. मार्चच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी एक टेपयंत्र किंचित संथ चाललं होतं, त्यामुळे त्या बाजूच्या तिन्ही रचना तबकडीवर थोड्या चढ्या पट्टीत वाजत. ही चूक १९९० च्या दशकात सुधारली गेली. मामाची तबकडी जुनी, चढ्या पट्टीची. सुधारलेली आवृत्ती ऐकली तेव्हा 'ब्लू इन ग्रीन' एकदम खोल गेल्यासारखी वाटली. फरक जेमतेम पाव स्वराचा, पण मनाची पूर्ण अवस्था बदलून टाकणारा. मला खालची पट्टीच खरी वाटते.

२. गाण्यांचा क्रम मोडू नये

कोलंबिया कंपनीनं १९४८ मध्ये मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक-तृतीयांश फेऱ्यांची तबकडी आणली. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत सगळं आटपावं लागे. एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मिळाली, पण त्यालाही मर्यादा होतीच. जास्त वेळ भरायचा तर खाचा अरुंद कराव्या लागतात, आणि खाच अरुंद झाली की आवाजाचा जोर उतरतो. मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्या वेळी (१९८२) नेमकं हेच झालं. बाजू लांबल्यामुळे पहिली प्रत फिकी वाजली. मग क्विन्सी जोन्स आणि मंडळींनी गाणी छाटली, मिश्रण नव्यानं केलं. त्या तबकडीतला ढोल छातीवर येऊन आदळतो, त्यामागे ही काटछाट आहे.

तेव्हा दोन बाजू म्हणजे दोन अंक. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'ची पहिली बाजू एका बाईच्या शब्दहीन, मृत्यूवरच्या आक्रोशावर संपते. उठायचं, तबकडी उलटायची, सुई टेकवायची. त्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेनंतर दुसरी बाजू नाण्यांच्या खणखणाटानं उघडते. मृत्यूनंतर पैसा! दोन्ही गाणी एकामागून एक आपोआप वाजू लागली की ही मधली जागा नाहीशी होते. सीडीवरसुद्धा मी तिथे यंत्र थांबवते.

बीटल्सच्या 'अॅबी रोड'मध्ये (१९६९) दुसऱ्या बाजूवर अर्धीमुर्धी राहिलेली गाणी एकात एक गुंफलेली आहेत. यातलं कोणतंही सुटं काढून ऐकवलं तर समोरचा म्हणेल, यात काय एवढं? सलग ऐकलं तर शेवटी चौघं एकेक करून पुढे येतात, रिंगो स्टार ड्रमवर एकटा वाजवतो, मग तिघं आळीपाळीनं गिटार घेतात, आणि एका गटाचा निरोप समारंभ कानासमोर घडतो. त्यानंतर काही क्षण काहीच नाही. मग अचानक जेमतेम अर्ध्या मिनिटाचं 'हर मॅजेस्टी'. हा तुकडा मधून काढून टाकला होता. पण स्टुडिओत टाकून द्यायला मनाई म्हणून एका तरुण सहायकानं तो टेपच्या शेवटाला जोडून ठेवला आणि तो तसाच राहिला. असे अपघात क्रमात ऐकणाऱ्यालाच भेटतात.

मराठी श्रोत्याला क्रमाचं महत्त्व पटवावं लागू नये. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' आठवड्याला एक गीत या बेतानं वर्षभर चाललं. छप्पन्न गीतं, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. लोक पुढच्या आठवड्याची वाट पाहत.

३. मात्रा मोजाव्यात, लाजू नये

मी बोटांवर मात्रा मोजत ऐकते, पाश्चात्त्य संगीतसुद्धा. 'द डार्क साइड ऑफ द मून'च्या दुसऱ्या बाजूवरचं 'मनी' मोजलं तर सात मात्रा निघतात. नाणी, फाटणारा कागद, दुकानातलं गल्ल्याचं यंत्र यांचे आवाज टेपवर घेऊन, ती टेप पट्टीनं मोजून कापून त्यांनी सात समान तुकड्यांचं वेटोळं बनवलं होतं. १९७२-७३ मध्ये संगणक नव्हता. कात्री आणि चिकटपट्टीनं ताल बनवला गेला. आपल्या रूपकात सात मात्रा असल्या तरी सम 'खाली'वर येते, त्यामुळे तो ताल तरंगतो. इथे पहिला ठोका ठाम पडतो आणि सातवी मात्रा संपण्याआधीच पुढची हाव धरते. पैशाच्या गाण्याला हाच ताल शोभतो. डिक पॅरीचा सॅक्सोफोन सातातच वाजतो. मग डेव्हिड गिलमोरची गिटार येते आणि ताल सरळ चारात उतरतो. तो बदल पहिल्यांदा पकडला तेव्हा अंगावर काटा आला होता.

त्याच तबकडीतली ती शब्दहीन गाणारी बाई म्हणजे क्लेअर टॉरी. रिचर्ड राइटनं पियानोवर रचना केली होती, शब्द नव्हते. तिला एवढंच सांगितलं की शब्द नकोत, स्वतःला वाद्य समज. जानेवारी १९७३ मधल्या एका रविवारी ती गायली आणि तीस पौंड घेऊन घरी गेली. पुढे अनेक वर्षांनी ती न्यायालयात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि सहरचनाकार म्हणून तिचं नाव लागलं. मला यात न्याय दिसतो. ज्या परंपरेत आलाप करणारा त्या क्षणाचा रचनाकार मानला जातो, तिथल्या श्रोत्याला वेगळं वाटणारही नाही. तिचं गाणं तीन टप्प्यांत ऐकावं. आधी नकार, मग राग, मग थकून आलेली शांतता. शेवटी आवाज कुजबुजीइतका होतो, पण सुरावरून ढळत नाही.

४. वेष्टणाच्या मागची बारीक अक्षरं वाचावीत

मार्विन गेचं 'व्हॉट्स गोइंग ऑन' १९७१ मध्ये डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीनं काढलं. कंपनीचे प्रमुख बेरी गॉर्डी या गाण्यांबद्दल नाखूश होते. प्रेमगीतांवर चाललेल्या धंद्यात युद्ध, दारिद्र्य, हवापाण्याची नासाडी, ही कसली गाणी? गेचा भाऊ व्हिएतनाममधून परतला होता आणि या तबकडीतला बोलणारा माणूस असाच परतलेला सैनिक आहे. गाणी एकमेकांत मिसळतात, मध्ये थांबा नाही. एकाच माणसाचे दोन आवाज एकाच वेळी गातात. त्याच्या गायनाचे दोन वेगवेगळे प्रयत्न चुकून एकत्र वाजवले गेले, ते त्याला आवडले आणि पुढे तीच त्याची रीत झाली. मला ते दोन आवाज म्हणजे एकच माणूस स्वतःची समजूत घालतो आहे असे ऐकू येतात. दुःखाच्या दिवसांत मी दुसरी कोणतीही तबकडी काढत नाही.

पण मला सांगायचंय ते जेम्स जेमरसनबद्दल. त्यानं मोटाउनच्या असंख्य लोकप्रिय गाण्यांत बेस गिटार वाजवली, तीही मुख्यतः उजव्या हाताच्या एका बोटानं, आणि त्या गाण्यांवर वर्षानुवर्षं त्याचं नाव नव्हतं. या तबकडीवर प्रथमच वादकांची नावं छापली गेली. शीर्षकगीतात गायकाचा आवाज सोडून फक्त बेस ऐका. तो ताल धरतो, पण एका जागी उभा राहत नाही. गाणाऱ्याच्या खालून स्वतःचं एक दुसरं गाणं गात जातो.

हे वाचून-ऐकून मी आपल्या हिंदी चित्रपटगीतांकडे नव्यानं वळले. गोव्यातून मुंबईत आलेले सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड यांच्या हातांनी त्या काळच्या वाद्यवृंदाची घडी बसली. डिसोझांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना व्हायोलिनचे ताटवे दिले. माजोर्ड्याच्या गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. चित्रपटाच्या नामावलीत यांची नावं क्वचितच येत. तबकडीवर संगीतकार, गीतकार, गायक, एवढंच. आता एखादं जुनं गाणं लागलं की अंतऱ्याआधीच्या वाद्यांच्या जागेत मी जास्त लक्ष देते. तिथे कुणीतरी निनावी माणूस आपलं सर्वस्व देऊन वाजवत असतो.

५. एका स्पीकरसाठी बनवलेलं एका स्पीकरवर ऐकावं

'पेट साउंड्स' (१९६६) बनवणाऱ्या ब्रायन विल्सनला उजव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नसे. त्यानं ही तबकडी मोनोमध्येच मिसळली. सायकलची घंटा, अॅकॉर्डियन, दोन-दोन बेस, टिम्पनी, सगळं एकाच बिंदूतून येतं आणि त्यातून तिसराच, कोणत्याही वाद्याचा नसलेला रंग तयार होतो. स्टिरिओ आवृत्ती १९९७ मध्ये निघाली. तीत सगळं सुटं सुटं दिसतं, कळतं. अभ्यासाला ती चांगली आहे. जीव मोनोत आहे.

६. एखादा धागा आपल्या गल्लीतून गेलेला असतो

मुंबईत फोर्टमध्ये सर फिरोजशहा मेहता रस्त्यावर एचएमव्हीचा स्टुडिओ होता. जी. एन. जोशी तिथे निर्माते होते. मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक, आणि नंतर आयुष्यभर इतरांचं गाणं तबकडीवर आणणारे. 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी त्यांच्या कल्पनेतून आली. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. काश्मीरच्या दरीतल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहीर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. तिघेही प्रमुख वादक तेव्हा तरुण होते. संतूरला मैफलीत जागा मिळावी की नाही याची चर्चा अजून चालू होती, गिटारवर राग वाजवणं तर धाडसच. मोठ्या मैफलीची बढत इथे नाही, आणि ती शोधूही नये. राग इथे कथेतले प्रहर सांगायला आले आहेत, आणि ते काम ते फार सुंदर करतात. काबरांची गिटार मींड घेते तेव्हा मला आजही श्वास रोखून धरावासा वाटतो.

याच स्टुडिओत जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन आला. त्याआधी १९६६ मध्ये रविशंकरांकडे सतार शिकायला तो मुंबईत ताज हॉटेलात उतरला होता. या वेळी 'वंडरवॉल' या चित्रपटाचं संगीत करायचं होतं. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया इथेही होते. स्टुडिओ ध्वनिरोधक नव्हता. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांचा आवाज आत येई आणि काम थांबवावं लागे. काही ठिकाणी बाहेरच्या टॅक्सीही ऐकू येतात असं हॅरिसननंच सांगून ठेवलं आहे. त्या दिवसांतच 'द इनर लाइट'चं वाद्यसंगीत मुंबईत मुद्रित झालं आणि 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूवर बीटल्सचं गाणं म्हणून जगभर गेलं.

आता 'सार्जंट पेपर्स'मधल्या (१९६७) 'विदिन यू विदाउट यू'कडे या. बीटल्सपैकी त्यात एकटा हॅरिसन आहे. बाकी लंडनमधले भारतीय वादक, शिवाय जॉर्ज मार्टिननं लिहून दिलेली व्हायोलिनं आणि चेलो. पाश्चात्त्य श्रोत्यांपैकी अनेकांना हे गाणं तबकडीतला अडथळा वाटत आलं आहे. मला ते तिचं हृदय वाटतं. दिलरुबा गळ्यासारखी घसरत स्वरावर येते आणि मागोमाग इंग्रज व्हायोलिनवादक तीच मींड घ्यायला धडपडतात. ती धडपड ऐकू येते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मधल्या भागात ताल बदलून पाचांच्या हिशेबात जातो, सतार आणि व्हायोलिनं एकमेकांना उत्तरं देतात. शिकाऊ माणूस आपल्या गुरूच्या संगीतापुढे नम्र होऊन गातो आहे, हे त्या आवाजात स्पष्ट कळतं. त्यानं गायकी दाखवायचा प्रयत्न केला नाही, म्हणूनच ते टिकलं.

७. अभिमान वाटावा, पण ऐकताना बाजूला ठेवावा

फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा. जन्म झांझिबारचा, शाळा पाचगणीची सेंट पीटर्स. तिथेच पियानो आणि तिथेच शाळकरी मुलांचा 'हेक्टिक्स' हा पहिला बँड. पाचगणीला जाणारा प्रत्येक मराठी माणूस हे सांगतो, मीही सांगते. पण क्वीनच्या 'अ नाइट अॅट द ऑपेरा'मध्ये (१९७५) पाचगणी शोधत बसलं तर समोरचं निसटतं. फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर हे तिघंच पुन्हा पुन्हा गाऊन, थरावर थर चढवून एवढा मोठा गायकवृंद उभा करतात. टेप इतक्यांदा फिरली की ती विरून पारदर्शक होत चालली होती. मला स्वतःला 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'पेक्षा त्या तबकडीतलं '३९' हे ब्रायन मेचं साधं गाणं जास्त जवळचं आहे.

८. तंबोरा कसा लावलाय ते पाहावं

पंचमात की मध्यमात, यावर गाण्याची हवा ठरते. जोनी मिचेलला लहानपणी पोलिओ झाला होता आणि डावा हात अशक्त राहिला. नेहमीच्या जुळणीतले अवघड कॉर्ड धरणं जड जाई, म्हणून ती गिटारच्या तारा वेगवेगळ्या पद्धतीनं लावू लागली. इतक्या पद्धतींनी, की ते तिचं स्वतंत्र व्याकरणच झालं. 'ब्लू' (१९७१) ऐकताना मोकळ्या तारा मागे घुमत राहतात. काही गाण्यांत मांडीवर घेऊन वाजवायचं डल्सिमर आहे, आणि त्याची गुंजन करणारी तार तर आपल्या कानाला थेट ओळखीची.

त्या आधारावर तिचा आवाज बोलता बोलता वर उडी घेतो. 'ए केस ऑफ यू'मध्ये ती उडी प्रत्येक वेळी वेगळ्या कारणानं येते. 'रिव्हर' हे नाताळचं गाणं, आणि सुरुवातीला पियानोवर नाताळची सगळ्यांना माहीत असलेली चाल उदास होऊन येते. सणाच्या दिवशी घरापासून दूर असलेल्या माणसाला ते दोन क्षण पुरेसे आहेत. परगावी नोकरी करताना एका दिवाळीत मी ते ऐकलं. पुढची सगळी गाणी त्या रात्री तशीच राहिली.

ही तबकडी मी कुणाला पहिल्या भेटीत सुचवत नाही. हिच्यात इतका उघडेपणा आहे की ऐकणाऱ्याचीही तयारी लागते.

९. स्वच्छ आवाज म्हणजे चांगला आवाज नव्हे

ब्रूस स्प्रिंगस्टीननं 'नेब्रास्का'ची (१९८२) गाणी न्यू जर्सीतल्या घरी, कॅसेटवर चालणाऱ्या चार ट्रॅकच्या साध्या यंत्रावर नोंदवली. बँडला चाली कळाव्यात एवढाच हेतू होता. ती कॅसेट तो डबीशिवाय खिशात घालून फिरत असे. मग स्टुडिओत पूर्ण बँड घेऊन गाणी करून पाहिली आणि लक्षात आलं की त्यांचा प्राण कॅसेटवरच राहिला आहे. शेवटी तीच कॅसेट तबकडी झाली. काम सुटलेली, कर्जात बुडालेली, गुन्ह्यापर्यंत पोचलेली माणसं त्यात बोलतात. मागचा सूं सूं आवाज, हार्मोनिकाचा फाटलेला सूर, घुमणारी पोकळी हे सगळं त्या माणसांच्या खोल्यांचंच वाटतं. पेन्सिलीनं कॅसेटची टेप गुंडाळत मोठ्या झालेल्या आमच्या पिढीला या आवाजातली माया समजावून सांगावी लागत नाही.

१०. आधी तबकडी, मग किस्से

फ्लीटवूड मॅकच्या 'रूमर्स'बद्दल (१९७७) लोक आधी सांगतात की कोण कुणापासून वेगळं होत होतं. जॉन आणि क्रिस्टीन मॅकव्ही यांचं लग्न मोडत होतं, लिंडसे बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स दुरावत होते, हे खरं आहे. पण ते आधीच कळलं तर प्रत्येक गाण्यात आपण भांडण शोधत बसतो. 'द चेन' हे एकच गाणं पाचही जणांच्या नावावर आहे, वेगवेगळे तुकडे जोडून बनलेलं. शेवटाकडे सगळं थांबतं आणि मॅकव्हीचा बेस एकटा चालू लागतो. त्या चालीला कुणाच्याही संसाराची माहिती लागत नाही.

११. काही तबकड्या वय झाल्यावर उघडतात

'बुएना व्हिस्टा सोशल क्लब' आली (१९९७) तेव्हा मला ती गोड वाटली, बस्स. आता ती मी वेगळ्या मनानं ऐकते. मार्च १९९६ मध्ये हवानाच्या एग्रेम स्टुडिओत मालीचे आणि क्युबाचे वादक एकत्र यायचे होते. मालीचे पोचू शकले नाहीत. मग राय कूडर आणि जमलेल्या मंडळींनी जुन्या क्युबन गायक-वादकांना बोलावलं. इब्राहिम फेरेर गाणं सोडून बूट पॉलिश करून पोट भरत होता. पियानोवादक रुबेन गोन्सालेस सत्तरी ओलांडलेला, बोटांचे सांधे धरलेले, घरी पियानोसुद्धा नव्हता. स्टुडिओचं दार उघडण्याआधी तो बाहेर येऊन उभा असे आणि आत शिरताच पियानो गाठत असे.

फेरेरचा आवाज 'दोस गार्देनियास'मध्ये ऐका. कुठेही जोर नाही, कुठेही घाई नाही, प्रत्येक शब्द हलक्या हातानं ठेवलेला. स्पॅनिश मला येत नाही. तरी दुसऱ्या ओळीपर्यंत विषय कळतो. रुबेनचा पियानो गाण्यांच्या मधल्या जागांत खळाळतो आणि गायक पुन्हा आला की चटकन बाजूला होतो. साथ कशी करावी याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही, आणि आपल्याकडचे थोर पेटीवाले मी ऐकलेले आहेत.

ही तबकडी आवडली तर लागलीच 'इंट्रोड्यूसिंग... रुबेन गोन्सालेस' मिळवावी. त्याच सुमारास, त्याच स्टुडिओत, दोन दिवसांत झालेली, मागाहून काहीही न जोडता. तीत तो साथीला नाही, स्वतः पुढे बसला आहे. पहिली रचना संपेपर्यंत उठू नये. मग पुढचं उठणं आपल्या हातात राहत नाही.